टाचणीचा जिना

पडदा वर जातो तो रंगमंचावर नाही, रंगमंचाच्या खाली. विंगेतून सात पायऱ्या उतरलं की बुटक्या छताची एक लांबट खोली लागते. एका भिंतीला दांड्यांवर राजा, शिपाई, भिकारी, न्यायाधीश असे सगळे शेजारी शेजारी लटकलेले, म्हणजे त्यांचे कपडे. दुसऱ्या भिंतीवर खिळ्यांना अडकवलेली, कपडे बेतायची खाकी कागदाची कटिंगं, प्रत्येकावर पेन्सिलीने नाव आणि साल. इस्त्रीची वाफ, खडू आणि घामट अस्तर यांचा मिळून झालेला वास. मधोमध एक उंच टेबल आणि टेबलाशी एक बाई उभी. कामात असताना बसलेली मी तिला पाहिलीच नाही. तोंडात चार-पाच टाचण्या, गळ्यात टेप, आणि पाठ अशी ताठ की पट्टी हरवली तर तिच्या आधाराने रेघ मारावी.

तिला सगळी कंपनी टाचणी म्हणायची. हजेरीपटावर तिचं नाव होतं, पण ते वाचून कुणी हाक मारली असती तर कोण आलं म्हणून तिनेच मागे वळून पाहिलं असतं. मला ती राणीसाहेब म्हणायची. मी तेव्हा राण्या करायचे, आणि तिच्या तोंडी त्या शब्दात आदर किती आणि चिमटा किती हे मला अजून कळलेलं नाही.

"राणीसाहेब, पोट आत."

"आतच आहे गं."

"मग बाहेर आहे ते काय आहे?"

हे संभाषण आमच्यात तीस वर्षं झालं.

ते उंच टेबल आमच्या सुताराने खास तिच्यासाठी केलेलं. तिला समोर उभं करून, कमरेच्या वर चार बोटं मोजून. उभ्याने कापड बेतायचं, वाकायचं नाही, अशी तिची अट. "वाकून कापलेलं कापड वाकडंच जातं," असं ती म्हणायची. सुतार आणि ती दोघं एकमेकांचे जानी दुश्मन होते, म्हणजे फार जवळचे. एकदा नव्या नाटकात मी चार पायऱ्यांच्या जिन्यावरून उतरत यायचं होतं. तालमीत मी झग्यात पाय अडकून धडपडले. सुतार म्हणाला, झगा आखूड करा. टाचणी म्हणाली, राणीचा झगा जमिनीला लागलाच पाहिजे, तुझा जिना बुटका कर. दोन दिवस दोघांनी एकमेकांशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी सुताराने बडबडत करवत काढली आणि प्रत्येक पायरी दोन इंचांनी उतरवली. मग मी त्या जिन्यावरून अशी तरंगत उतरायचे की समोर बसलेल्यांना पायऱ्या आहेत हेच विसरायला व्हायचं. तो जिना पुढे कितीतरी नाटकांत वापरला. तो मुळात का बुटका केला हे हळूहळू सगळेच विसरले. करणारा, करायला लावणारी, आणि जिच्यासाठी केला ती मीसुद्धा.

निवृत्त होताना टाचणीने दुसरं काही मागितलं नाही, ते टेबल मागितलं. चार माणसांनी ते तिच्या घरी चढवलं. दुसरा मजला, बावीस पायऱ्या, मध्ये एक वळण. एकच मोठी खोली आणि स्वयंपाकापुरता कोपरा. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला, बायको-मुलांसह. त्या खोलीत तिने कटिंगंही आणून लावली होती. आमच्यातले निम्मे वारले, पण त्यांची मापं तिच्या भिंतीवर होती, छाती, खांदा, बाहीची लांबी. हौशी मंडळींची कामं ती घरबसल्या करायची. नव्हे, घरउभ्या.

तर, ती पडली त्या दिवशी मी तिथेच होते. पडली हा शब्दही मोठा आहे. कुठल्याशा समारंभासाठी माझा जुना झगा ती दुरुस्त करत होती. मी स्टुलावर उभी, ती खाली गुडघ्यांवर, घेराला टाचण्या लावत. लावून झाल्या, तिने टेबलाचा पाय धरून उठायला घेतलं, झग्याच्या काठावर तिचाच पाय पडला आणि ती फरशीवर बसली. आपटली नाही, बसली. "बसले गं मी," असंच म्हणाली, टाचण्यांच्या फटीतून, आणि हसली. मीही हसले. मग ती उठायला गेली आणि तिचा चेहरा कागदासारखा झाला. तिने एकेक टाचणी तोंडातून काढून डबीत ठेवली, झाकण लावलं, आणि मग ओरडली.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरले. ओटीपोटाच्या हाडाला पुढून दोन ठिकाणी चीर आणि मागे माकडहाडाच्या वरच्या बाजूला एक. ऑपरेशन नको, म्हणाले, ही हाडं आपली आपण जुळतात, पण वेळ घेतात आणि दुखतात. मग त्यांनी पाठीचा फोटो लावला आणि बोटाने एकेक मणका मोजत खाली आले.

"हे तीन मणके आजचे नाहीत," ते म्हणाले. "पुढच्या बाजूने दबलेत. दीड-दोन वर्षांपूर्वीचे असतील. यांना काही त्रास नव्हता?"

लेकाने तिच्याकडे पाहिलं. "आई? तुला कळलं नाही?"

टाचणी छताकडे बघत होती.

नर्सने तिचे उतरवलेले कपडे पिशवीत घालून माझ्याकडे दिले होते. मी पिशवीतून तिचा सदरा काढून गुडघ्यावर पसरला. पाठीचा भाग पुढच्या भागापेक्षा अडीच इंच लांब. दोन्ही खांद्यांमध्ये बाक सामावून घेणारी चोरशिवण. खांद्यांत पातळ गादी, नजर वर ओढून घेणारी. ही बेतणी मी ओळखत होते. एका नाटकात आमच्या खलनायकाला कुबड होतं. पहिल्या अंकात ते लपलेलं दिसायला हवं होतं आणि तिसऱ्या अंकात उघडं. पहिल्या अंकाचा कोट तिने असाच कापला होता, आणि समोर बसलेल्या एकालाही ते कुबड दिसलं नव्हतं.

मलाही दिसलं नव्हतं. दर आठवड्याला मी तिच्यासमोर पोट आत घेऊन उभी राहत होते.

"काय करणार होते सांगून?" ती म्हणाली तेव्हा लेक औषधं आणायला गेला होता. "इस्त्री उचलताना पाठीत कट् झालं. दीड महिना जीव नकोसा झाला. तुला सांगितलं होतं सर्दी झालीय म्हणून. मग दुखायचं कमी झालं. मग एकदा परत. आरशात बघितलं तर सदऱ्याचा पुढा लोंबतोय आणि पाठ वर चढलीय. कपडा बसेना म्हटल्यावर कापला नवा."

"अगं, डॉक्टरकडे जायचं सोडून सदरा कापलास?"

"मला जे येतं ते मी केलं."

दम्यासाठी तिने वर्षानुवर्षं गोळ्या घेतल्या होत्या. कापडाची धूळ छातीत गेली की दम लागायचा, गोळी घेतली की काम व्हायचं. त्या गोळ्यांनी आणि वयाने मिळून हाडं आतून जाळीदार केली होती. डॉक्टरांनी हे समजावलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अस्तर विरलं असं म्हणा ना. वरून कापड बरं दिसतंय."

"तसंच म्हणा," डॉक्टर म्हणाले.

लेकाने तिला आपल्या घरी नेलं. तळमजला, मागची खोली, खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत. चांगला मुलगा आहे, मी त्याला अंगड्या-टोपड्यात पाहिलंय. त्याने तिला पलंगाशेजारी बसून सांगितलं, "आई, तिथे बावीस पायऱ्या आहेत. मी वर्षअखेरपर्यंत थांबतो. तू आपल्या पायांनी चढून वर गेलीस तर मी आडवा येणार नाही. नाही जमलं तर खोली सोडून देऊ. टेबल इथे मावणार नाही, हेही आत्ताच सांगतो."

"वर्षअखेर," ती म्हणाली. "लेखी देतोस?"

"आई!"

"बरं, राहू दे. साक्षीदार आहेत राणीसाहेब."

तेव्हा जानेवारी संपत आला होता.

पहिले सहा आठवडे मी लिहीत नाही. लिहिण्यासारखं त्यात काही नव्हतं. कुशीवर वळायचं तर खांदा, कंबर, गुडघे एकदम, ओंडका लोटावा तसं. उठून बसायला पाच मिनिटं, भांडं मागायला दहा, कारण मागायची लाज. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट धरायचं, आणि मग त्याचं वेगळं रडं. शिंक आली की ती दोन्ही हातांनी पलंगाची कड पकडायची. तिला मिठी मारायची नाही हे नातवंडांना शिकवावं लागलं, आणि शिकल्यावर ती दारातूनच बोलून जायला लागली. हॉस्पिटलने पाठीला पट्टा दिला होता. तो पहिल्यांदा हातात घेऊन तिने उलटापालटा केला. "कुणी शिवलाय हा? टीप बघ कशी पळालीय. याला माझ्या हाताखाली महिनाभर द्यायला हवा होता." तेवढंच त्या महिन्यातलं हसू.

दर सोमवारी उपाशीपोटी एक गोळी आणि त्यानंतर अर्धा तास ताठ बसायचं, आडवं व्हायचं नाही. त्या अर्ध्या तासात सून तिच्यासमोर घड्याळ घेऊन बसायची. सून मोजकं बोलणारी. "झालं, आई. अजून अकरा मिनिटं." सासूला धीर द्यायची तिची तीच पद्धत होती.

आठवड्यातून दोनदा व्यायाम घ्यायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची. टाचणीने तिचं नाव हवालदार ठेवलं. हवालदारने तिला वॉकर धरून उभं केलं, मग दारापर्यंत, मग अंगणापर्यंत.

"पायाकडे बघू नका, समोर बघा, आजी."

"समोर भिंत आहे."

"मग भिंतीकडे बघा. जिन्याचं पुढच्या महिन्यात बघू."

हेच ते वाक्य, ज्याच्यामुळे आमचं चुकलं. आम्हा नाटकवाल्यांना कुणी पुढच्या महिन्यात म्हटलं की आम्ही उद्यापासून तालीम सुरू करतो. मी सुताराला सांगितलं. तो आता सत्तरीचा, पण थिएटरच्या गोदामाच्या किल्ल्या अजून त्याच्याकडेच. दुसऱ्या दिवशी एका टेम्पोतून राणीचा जिना आला. चार पायऱ्या वर, पुढे एक फळी, आणि फळीनंतर काहीच नाही. लेकाच्या मागच्या अंगणात तो उभा केला तेव्हा सून दारात येऊन म्हणाली, "हा कुठे जातो?"

"कुठेच नाही," सुतार म्हणाला. "वर जाऊन परत यायचं."

लेकाला आणि हवालदारला आम्ही गोदामात जागा नाही असं सांगितलं, आणि लेक कामावर गेला की आमची गुपचूप तालीम सुरू व्हायची. चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. मी पुढे, सुतार मागे, सून स्वयंपाकघराच्या खिडकीत. पहिल्या दिवशी एक पायरी. आठवड्यात दोन. मे संपता संपता टाचणी चारही पायऱ्या चढून वरच्या फळीवर उभी राहिली. त्या फळीवर मी कितीदा उभी राहिले असेन, पण तेव्हा तिचा चेहरा जसा झाला तसा माझा कधी झाला नाही.

"राणीसाहेब, पोट आत," ती वरून म्हणाली.

मग ती सलग पाच वेळा चढून उतरली. पाच गुणिले चार वीस. सुताराने बोटांवर मोजलं आणि म्हणाला, "दोनच राहिल्या, बाई. त्या तर तुम्ही शिव्या देत चढाल."

जूनमधल्या एका सकाळी हवालदारचा येण्याचा दिवस नव्हता आणि लेक बाहेरगावी होता, तेव्हा आम्ही निघालो. सूनही आली. तिला नको म्हणता आलं असतं, पण तिने गाडीत मागे उशा लावल्या.

जिन्यापाशी टाचणीने कठडा धरला, बरा पाय उचलला आणि पहिल्या पायरीवर ठेवला. ठेवून ती थांबली.

"काय झालं?"

"काही नाही."

तिला तेव्हाच कळलं होतं. जिने आयुष्यभर नुसत्या नजरेने माणसाचा खांदा पाव इंचापर्यंत ओळखला, तिला पायाखालचे दोन इंच कळणार नाहीत? पण तिसरी घंटा झालेली होती. आम्हा लोकांना त्यानंतर मागे फिरता येत नाही, हाच आमचा रोग. ती चढली. दुसरी. तिसरी. प्रत्येक पायरीला गुडघा जास्त वर घ्यावा लागत होता, आणि तो येईना म्हणून ती कठड्याला लोंबकळून स्वतःला ओढत होती, पाठीला पीळ देऊन. हवालदारने हजारदा सांगितलं होतं, पीळ द्यायचा नाही. मी खालून म्हणत होते, "शाब्बास, शाब्बास." माझ्या जिभेला त्या दिवसाची आठवण आहे.

आठव्या पायरीवर ती थांबली. आवाज झाला नाही. तिने डोळे मिटले, तोंड उघडलं, आणि जणू कुणी छातीभोवती दोरी आवळतंय तसा श्वास घेतला.

"खुर्ची आण," ती सुताराला म्हणाली. "खाली न्यायला."

तिला खुर्चीत बसवून खाली आणलं. खाली आल्यावर ती मला म्हणाली, "पर्समध्ये टेप आहे. मोज."

मी पहिल्या पायरीला टेप लावला. सात आणि वर थोडं.

"आपला?"

सुतार भिंतीला टेकून उभा होता. "पाच," तो म्हणाला. "मीच कापला होता. राणीच्या झग्यासाठी."

"मीच कापायला लावला होता," टाचणी म्हणाली.

आणखी एक मणका दबला होता, आधीच्या तिघांच्या वरचा. लेक बाहेरगावाहून आला तो तडक हॉस्पिटलात. तो माझ्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "मावशी, तुम्ही लोक ना," एवढं म्हणाला आणि थांबला. हवालदार मात्र ओरडली, सगळ्यांवर, वयाचा मान न ठेवता, आणि मग बाहेर जाऊन रडली.

त्यानंतरचे तीन महिने पहिल्या सहा आठवड्यांपेक्षा वाईट होते, कारण पहिल्यांदा तिला पुढचं ठाऊक नव्हतं. आता ठाऊक होतं. डॉक्टरांनी सोमवारची गोळी बंद करून इंजेक्शन सुरू केलं. ती निमूट दंड पुढे करायची. बरगड्या आता जवळजवळ कमरेच्या हाडांवर टेकत होत्या. चार घास खाल्ले की पोट भरायचं, जास्त खाल्लं तर श्वास लागायचा. एकदा तिने मला विचारलं, "तुला माहितीय कसं वाटतं? कुणीतरी मला मधून दुमड घातलीय आणि टीप मारून टाकलीय. उसवता येत नाही."

सुतार त्या दिवसानंतर आलाच नाही. मी जायचे, तिच्याशेजारी बसायचे, ती भिंतीकडे बघत राहायची. मी जुने किस्से सांगायचे. एकदा कुबडवाल्या खलनायकाचा किस्सा काढला आणि मध्येच जीभ चावली.

"थांबलीस का?" ती म्हणाली. "सांग की. त्याचं कुबड घसरून पोटावर आलं होतं."

"आणि तो तसाच बोलत राहिला."

"लोकांना वाटलं, नाटकच तसं आहे." ती हसली नाही. हसायला बरगड्या लागतात. पण जूनपासून ती पहिल्यांदाच माझ्याकडे तोंड करून बोलली होती.

सप्टेंबरमध्ये ती परत वॉकरवर उभी राहिली. हवालदारने तिची उंची मोजली. हॉस्पिटलातल्या जुन्या कागदावर लिहिलेल्या उंचीपेक्षा नऊ सेंटिमीटर कमी.

"इंचात सांग," टाचणी म्हणाली.

"साडेतीन."

संध्याकाळी तिने सुनेला सांगितलं, "त्या सुताराला फोन लाव. म्हणावं, तोंड लपवून बसायला तू काय नवी नवरी आहेस?"

सुतार आला, दारातच उभा राहिला.

"आत ये. राणीचा जिना कुठे आहे?"

"अंगणातच. पावसात भिजला थोडा."

"उंच कर."

"बाई, नको आता."

"मी बुटका कर म्हटलं तेव्हा दोन दिवस भांडलास. आता उंच कर म्हणतेय तरी भांडतोस? राणीसाहेब, तू माझ्या घरी जा आणि बावीसच्या बावीस मोज. जुनी इमारत आहे, दोन सारख्या नसतील."

मी गेले. या वयात गुडघ्यांवर बसून बावीस पायऱ्या मोजल्या, प्रत्येकीचा आकडा एका वहीत लिहिला. सात, सव्वासात, साडेसात. वळणानंतरची दुसरी, म्हणजे तेरावी, पूर्ण आठ. तिने यादी वाचली आणि तेराव्या आकड्याखाली नखाने खूण केली. "ही बघ लबाड."

या वेळी हवालदारला सगळं सांगितलं. तिने आधी नकार दिला, मग यादी मागून घेतली. सुताराने फळ्या ठोकल्या, पहिलीला दोन इंच, दुसरीला चार, तिसरीला सहा, चौथीला नऊ, शेवटची पायरी आठची व्हावी म्हणून. कठडा लावला, दोन्ही बाजूंनी. आणि हवालदारच्या हाताखाली, तिच्या घड्याळाने, टाचणी परत एका पायरीपासून सुरू झाली. चार आठवडे नुसती पहिली पायरी. ओढायचं नाही, पीळ द्यायचा नाही, पायाने ढकलायचं, श्वास सोडत. दुखलं तर थांबायचं. थांबायला तिला शिकावं लागलं. शिवण्यापेक्षा ते अवघड होतं, असं ती म्हणाली.

अंगणातल्या जिन्यावर लेकाने तिला एका रविवारी पाहिलं. तो खिडकीत बराच वेळ उभा होता. मग बाहेर येऊन तिच्या मागे हात पुढे करून उभा राहिला, पडली तर झेलायला. "तू बाजूला हो, उजेड अडतोय," ती म्हणाली. तो हलला नाही.

वर्ष संपायला नऊ दिवस होते. सकाळी दहा वाजता आम्ही तिच्या जिन्यापाशी जमलो. मागे लेक, शेजारी हवालदार, वळणावर खुर्ची घेऊन सून, सगळ्यात वर सुतार किल्ली घेऊन. मी खाली. मला शाब्बास म्हणायला बंदी होती.

बावीस पायऱ्यांना तिला एकावन्न मिनिटं लागली. वळणावर ती चौदा मिनिटं बसली, ओठ निळसर झाले होते, सुनेने पाणी दिलं ते अर्धं सांडलं. तेरावीपाशी तिने दोनदा पाय उचलला आणि खाली ठेवला. लेक म्हणाला, "आई, बास. इथपर्यंत आलीस ते खूप झालं. मी खुर्चीत घेतो, वर नेतो. चढलीस असंच मानू." तिने मागे न बघता मान हलवली, म्हणजे जितकी हलते तितकी. तिसऱ्यांदा पाय वर गेला आणि तिथे राहिला. उरलेल्या नऊ ती एकेक करून चढली. वर दार उघडं होतं.

त्या खोलीत ती पुढे चौदा महिने राहिली. सून एक दिवसाआड यायची, मी उरलेल्या दिवशी. परत ती तो जिना एकदाच उतरली, आणि तेव्हा चालत नव्हे. पण ते नंतरचं. त्या सकाळी तिने वॉकर ढकलत खोली ओलांडली. भिंतीवरची कटिंगं धुळकटली होती. तिने कुणाकडेच पाहिलं नाही, सरळ टेबलाकडे गेली, वॉकर सोडला आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले.

टेबल तिच्या बरगड्यांना लागत होतं. कोपर वर उचलले गेले, खांदे कानांना भिडले. जे टेबल तिला समोर उभं करून, कमरेवर चार बोटं मोजून केलेलं, त्याच्यामागे ती एखाद्या लहान मुलीसारखी दिसत होती. तिने हात खाली घेतले, परत वर ठेवले. मी तोंड फिरवलं.

सुतार घाईघाईने म्हणाला, "बाई, काही नाही, मी एक चौथरा करून देतो. लाकडी, पक्का. त्याच्यावर उभं राहिलात की झालं पूर्वीसारखं."

"चौथऱ्यावरून पडतील," हवालदार म्हणाली.

टाचणीने गळ्याशी हात नेला. टेप नव्हता. मी तिच्या पर्समधून काढून दिला. तिने तो टेबलाच्या काठापासून खाली सोडला, आकडा पाहिला, गुंडाळला आणि सुताराच्या हातात ठेवला.

"चौथरा नको. टेबलाचे पाय काप, चार बोटं. मी काही आता परत उंच व्हायची नाही."